घरी परावर्ती दुर्बीण बनवायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बीण घरी करतोय म्हटलं की लोक आधी नळी, स्टँड आणि आयपीसबद्दल (डोळा लावायच्या भिंगाबद्दल) विचारतात. पण परावर्ती दुर्बीण म्हणजे मुळात एक आरसा, आणि बाकी सगळी खटपट त्या आरशाला नीट धरून ठेवण्यासाठी. म्हणून खाली आरशाबद्दलच जास्त लिहिलंय, नळीबिळी थोडक्यात उरकलीय. मी आत्तापर्यंत ३ आरसे पूर्ण केलेत आणि एक अर्धवट सोडलाय, त्यातून जे कळलं ते इथे आहे.

परावर्तीच का, भिंगाची दुर्बीण का नको?

भिंगातून प्रकाश आरपार जातो, म्हणजे काच आतूनही निर्दोष हवी. शिवाय एकाच भिंगाने वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात, ते सुधारायला दोन जातींच्या काचांची दोन भिंगं लागतात म्हणजे चार पृष्ठभाग घासणं आलं. आरशाला एकच पृष्ठभाग. प्रकाश वरच्या वर परत फिरतो, आत एखादा बुडबुडा असला तरी बिघडत नाही, आणि सगळे रंग एकाच जागी येतात. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण केली ती या रंगांच्या भानगडीमुळेच. त्याचा आरसा जेमतेम ३३ मिमीचा होता, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा, आणि तो त्याने स्वतः घासला होता.

पण हाताने घासून इतका अचूक आरसा खरंच होतो?

होतो, आणि मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण आठव्या भागापेक्षा जास्त हललेला नको, हिरव्या प्रकाशासाठी म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटर. हे ऐकून माणूस गार पडतो. पण ही अचूकता तुमच्या मनगटातून येत नाही, ती भूमितीतून येते. दोन चकत्या मधे पावडर घालून एकमेकींवर सगळ्या दिशांनी घासल्या की जिथे उंचवटा असेल तिथेच दाब येतो आणि तो झिजतो, मग दुसरीकडे उंचवटा उरतो, तो झिजतो, असं करत शेवटी असे दोन पृष्ठभाग राहतात की ते कसेही फिरवा, कुठेही सरकवा, एकमेकांना पूर्ण चिकटूनच राहतात. असा आकार फक्त गोलाचा. म्हणजे तुम्ही नुसतं दिशा बदलत घासत राहिलात तरी गोलाकार पृष्ठभाग आपोआप तयार होतो. वरची चकती कडेबाहेर सरकते तेव्हा तिचा मधला भाग खालचीच्या कडेवर दाबला जातो, म्हणून वरची खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. वर आरसा, खाली टूल, इतकं लक्षात ठेवायचं.

विल्यम हर्शलने १७८१ साली युरेनस शोधला तो स्वतः घासलेल्या ६.२ इंची धातूच्या आरशातून. पेशाने तो संगीतकार होता. एकदा आरशाला पॉलिश करताना त्याने सलग १६ तास हात उचलला नव्हता असं त्याच्या बहिणीने, कॅरोलाइनने लिहून ठेवलंय. तुम्हाला इतकं करायची गरज नाही, काच धातूपेक्षा बरीच समजूतदार आहे.

पहिला आरसा केवढा करावा?

६ इंच, एफ/८. म्हणजे व्यास १५० मिमी आणि फोकल लेन्थ (आरशापासून प्रतिबिंब पडतं तिथपर्यंतचं अंतर) त्याच्या ८ पट, १२०० मिमी. पुढचे सगळे आकडे याच मापाचे आहेत.

बरेच जण म्हणतात एवढी मेहनत करायचीच तर १० इंच का नको. नको, कारण काचेचं वजन आणि घासायचं क्षेत्रफळ झपाट्याने वाढतं, फोकल लेन्थ कमी ठेवावी लागते आणि मग पॅराबोलाचं काम (गोलापेक्षा मधला भाग किंचित खोल करायचा, म्हणजे सगळा प्रकाश एकाच बिंदूत येतो) खूप अवघड होतं. मी स्वतः ८ इंच एफ/६ ने सुरुवात केली होती, तोच तो अर्धवट सोडलेला. नंतर ६ इंची पूर्ण केला, त्यातून शनीची कडी बघितली, आणि मग ८ इंची नवीन काच घेऊन केला तेव्हा हात बसलेला होता.

कुठली काच घ्यायची?

बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तम, कारण ती तापमानाने साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच प्रसरण पावते. टेस्टिंगच्या वेळी हा फरक खूप जाणवतो, साधी काच गार व्हायची वाट बघण्यात वेळ जातो. पण साध्या जाड काचेचाही छान आरसा होतो. अमेरिकेतल्या जॉन डॉब्सनने जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जाड काचांचे आरसे केले आणि रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यातून आकाश दाखवलं. जाडी व्यासाच्या सहाव्या भागाइतकी असावी असा जुना नियम आहे, १५० ला २५ मिमी. थोडी कमी असली तरी ६ इंचाला चालून जातं.

सामान काय काय लागेल?

काचेची चकती. टूल, म्हणजे खालची चकती, ती दुसऱ्या काचेची करा किंवा डेंटल प्लास्टर ओतून वर सिरॅमिक टाइलचे छोटे तुकडे इपॉक्सीने चिकटवा (मी दुसऱ्या आरशापासून हेच करतोय, प्लास्टरला सगळीकडून इपॉक्सी फासून पाणीबंद करायला विसरू नका). सिलिकॉन कार्बाइडची पावडर ८०, १२०, २२०, ३२० आणि ५०० नंबरची (नंबर जितका मोठा तितकी पावडर बारीक), त्यापुढे ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण १५, ९ आणि ५ मायक्रॉनची. पॉलिशला सेरियम ऑक्साइडची पावडर आणि पिच (डांबरासारखा पदार्थ, त्याबद्दल पुढे आहे). एक जड, न हलणारं टेबल किंवा पिंप, ज्याच्याभोवती चहूबाजूंनी फिरता येईल. पाण्याच्या बादल्या, स्पंज, जुनी वर्तमानपत्रं, एक भिंग किंवा ज्वेलरचा लूप. बस, मशीन कसलंच लागत नाही.

सुरू करण्याआधी काचेच्या कडेला ४५ अंशात २-३ मिमीचा उतार घासून घ्या आणि काम चालू असताना तो नाहीसा होत आला की परत घासा. धारदार कडेचा टवका उडाला की तो टवका थेट आरशाखालीच जातो.

घासायचं म्हणजे नेमकं कसं?

टूलवर थोडं पाणी, त्यावर चिमूटभर पावडर, वर आरसा ठेवायचा आणि दोन्ही हातांनी पुढेमागे ढकलायचा. आरशाचं केंद्र टूलच्या केंद्रावरून जायला हवं, आणि एकूण सरक व्यासाच्या तिसऱ्या भागाइतकी. पाच-सहा वेळा पुढेमागे झालं की आरसा हातात थोडा फिरवायचा, आणि तुम्ही स्वतः टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. इतकंच. आरसा एका दिशेला फिरवा, स्वतः उलट दिशेला चाला, आणि हे मोजत बसू नका कारण थोडा अनियमितपणाच इथे हवा असतो, एकाच जागी उभं राहून घासलं तर आरसा एका बाजूला कललेला होतो आणि तो दोष काढता काढता नाकी नऊ येतात.

आवाजाकडे लक्ष द्या. ८० नंबरची ताजी पावडर टाकली की आधी जोरात करकर होते, हाताला खरखर लागते, मग तीन-चार मिनिटांत आवाज मऊ होतो आणि राखाडी चिखल कडेने बाहेर यायला लागतो. म्हणजे दाणे मोडले, आता काच कापली जात नाहीये. पुसा, नवीन पावडर टाका. पहिल्या दिवशी मी त्याच मेलेल्या चिखलात अर्धा तास घासत होतो आणि काहीच पुढे सरकलं नव्हतं.

खोली किती झाली पाहिजे आणि मोजायची कशी?

सूत्र सोपं आहे, त्रिज्येचा वर्ग भागिले फोकल लेन्थची चौपट. ७५ गुणिले ७५ भागिले ४८०० म्हणजे १.१७ मिमी, बस एवढीच खोली. आरशावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि बरोबर मध्यभागी खाली १.२ मिमीचा ड्रिल बिट सरकवून बघा. तो अगदी अडत अडत आत गेला की पोहोचलात.

अजून एक पद्धत, जी फार मजेची आहे: आरसा पाण्याने ओला करा आणि उन्हात धरून सूर्याचा डाग सावलीतल्या भिंतीवर पाडा. डाग सगळ्यात लहान होतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे फोकल लेन्थ. ओलं पृष्ठभाग काही क्षणच चकाकतं म्हणून एकाने पाणी मारायचं आणि दुसऱ्याने टेप धरायचा. परावर्तित उन्हाच्या वाटेत डोळा आणू नका.

थोडं जास्त खोल झालं तर टूल वर आणि आरसा खाली घेऊन घासा, खोली कमी होते. फोकल लेन्थ ११७० किंवा १२३० आली म्हणून काही अडत नाही, नळी त्याप्रमाणे कापू.

पुढच्या नंबरच्या पावडरीवर कधी जायचं?

आधीच्या पावडरीचे सगळे खड्डे गेले की. घड्याळाकडे बघून ठरवू नका, लूपने बघून ठरवा. आरसा धुवा, वाळवा, मागून दिवा धरा आणि कडेजवळ बघा, कडेचे खड्डे शेवटी जातात. एखादा मोठा खड्डा दिसला तर त्याच्याभोवती मागच्या बाजूने मार्करने गोल करून ठेवा आणि अजून दोन फेऱ्यांनंतर परत बघा. संपर्क नीट आहे का ते बघायला आरशावर पेन्सिलने आडव्याउभ्या रेघा ओढा आणि मिनिटभर घासा, सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या तर गोल बरोबर आहे, मधल्याच राहिल्या तर अजून वेळ द्या.

इथे मला पोटतिडकीने सांगायचंय कारण मी जे रखडलेले आरसे बघितलेत त्यातले बहुतेक इथेच फसले होते. २२० वर कंटाळा येतो, वाटतं की पुढची पावडर घेईल सांभाळून. ती घेत नाही. माझ्या पहिल्या ६ इंचीत २२० चे चार खड्डे राहिले होते, ते दिसले पॉलिश चालू झाल्यावर, सगळा आरसा काळाभोर चकचकीत आणि कडेजवळ चार पांढरे ठिपके. पॉलिशने ते काढायचे तर महिना गेला असता, मी मागे ३२० वर गेलो आणि दोन संध्याकाळीत काम झालं. मागे जायला लाजू नका, तोच जवळचा रस्ता असतो.

५ मायक्रॉन संपेपर्यंत काच दुधी पण अर्धपारदर्शक झालेली असते, छापील कागदावर ठेवली तर अक्षरं वाचता येतात, आणि तिरकं धरून पाहिलं तर त्यात दिव्याचं लालसर प्रतिबिंब दिसतं.

ओरखडा पडला, आता काय?

एखादा बारीक ओरखडा दुर्बिणीतून अजिबात दिसत नाही, तो फक्त तुमच्या मनाला टोचतो. पॉलिशमध्ये पडलेला एकुलता एक बारीक असेल तर सोडून द्या. पण बारीक पावडरीवर असताना सारखे ओरखडे यायला लागले तर जाड पावडरीचा दाणा कुठूनतरी येतोय. मला आलेला दाणा नखाखालून आला होता, हे कळायला तीन दिवस लागले. तेव्हापासून नंबर बदलताना नखं ब्रशने घासायची, शर्ट बदलायचा, टेबल आणि जमीन ओल्या फडक्याने पुसायची, वर्तमानपत्र नवीन, पाणी नवीन, स्पंज प्रत्येक नंबरचा वेगळा, आणि पावडरीच्या डब्या एका वेळी एकच उघडी. हे सगळं डोळ्यात तेल घालून करा.

यात काही धोका आहे का?

आहे. काचेचा आणि टाइलचा सुका चुरा फुप्फुसात जाऊ द्यायचा नाही, म्हणून सगळं काम ओलं करा आणि चिखल सुकण्याआधी पुसून घ्या, सुकलेला चिखल झाडूने झाडू नका. पिच तापवताना मंद आच, मोकळी जागा आणि जवळ झाकण, पेटली तर झाकणाने दाबायची, पाणी ओतायचं नाही. चिखल मोरीत ओतू नका, पाइपात दगडासारखा बसतो.

पिच लॅप म्हणजे काय?

पॉलिशसाठी टूलवर पिचचा थर ओततात तो लॅप. पिच विचित्र पदार्थ आहे, हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो पण तसाच ठेवला तर हळूहळू वाहतो. क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली सुरू केलेला पिचच्या थेंबाचा प्रयोग अजून चालू आहे, एकेक थेंब पडायला वर्षानुवर्षं लागतात. हाच गुण आपल्या कामाचा, कारण पिच आरशाच्या आकाराला स्वतःला जुळवून घेते आणि तरीही सेरियमचे कण घट्ट धरून ठेवते.

टूलभोवती कागदी टेपची भिंत करा, टूल कोमट करा, वितळलेली पिच ५-६ मिमी ओता. थोडी घट्ट झाली की सेरियमचं पाणी फासलेला आरसा वर दाबा. मग पात्याने आडव्याउभ्या खाचा पाडा म्हणजे चौकोन होतील, पण लॅपचं केंद्र एखाद्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर किंवा खाचांच्या छेदावर येऊ देऊ नका, तसं झालं तर आरशावर वर्तुळाकार लाटा उमटतात. पिचचा कडकपणा नखाने बघा, अंगठ्याचं नख थोडं जोर लावून काही सेकंद दाबल्यावर बारीक खूण उमटली तर ठीक. फार मऊ असेल तर कडा बिघडते, फार कडक असेल तर ओरखडे येतात.

दर वेळी काम सुरू करण्याआधी आरसा लॅपवर ठेवून वर थोडं वजन ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. हे टाळू नका.

पॉलिशला किती वेळ लागतो?

मला ६ इंचाला १० तासांच्या आसपास लागले, घासण्याला त्याच्या जवळपास दुप्पट. रोज तासभर धरला तर पुढचं टेस्टिंग आणि दुरुस्ती धरून सगळा आरसा दोन महिन्यांचं काम. झालं की नाही ते बघायला काळोखात लेसर पॉइंटरचा ठिपका आरशाच्या पृष्ठभागावर पाडा, मध्यावर आणि कडेला ठिपका सारखाच फिका दिसला म्हणजे झालं. कडेला जास्त उजळ दिसला तर तिथे खड्डे आहेत, चालू ठेवा.

फूको टेस्ट म्हणजे काय, आणि ती घरी जमते का?

जमते. लेआँ फूकोने १८५०च्या दशकाच्या शेवटी शोधलेली ही चाचणी आहे आणि तिला लागतं काय तर एक एलईडी, एक बारीक फट आणि एक ब्लेड. हे तिन्ही एका सरकत्या ठोकळ्यावर बसवा, आरसा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा करा, अंतर फोकल लेन्थच्या दुप्पट म्हणजे २४०० मिमी. फटीतून निघालेला प्रकाश आरशावरून परत येतो, तो जिथे एकत्र येतो तिथे ब्लेड हळूच आत सरकवायचं आणि त्याच्यामागून डोळ्याने आरशाकडे बघायचं.

गोल बरोबर असेल तर सगळा आरसा एकदम एकसारखा राखाडी होतो, जणू कुणी दिवा मंद केला. पॅराबोला असेल तर मेदूवड्यासारखी किंवा गाडीच्या ट्यूबसारखी फुगीर कडी दिसते, मधे खळगा. हे सगळे उंचवटे प्रत्यक्षात नॅनोमीटरमधले असतात आणि डोळ्याला डोंगरदऱ्यांसारखे दिसतात. आरसा स्टँडवर असताना एकदा अंगठा त्यावर पाच सेकंद टेकवा आणि मग ब्लेडमागून बघा. अंगठ्याच्या उबेने काच जिथे फुगली तिथे टेंगूळ उभं राहिलेलं दिसतं, आणि दोन-तीन मिनिटांत ते हळूहळू विरत जातं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकेक करून बोलावून दाखवलं.

यावरून एक गोष्ट आपोआप कळते, पॉलिशवरून उचललेला आरसा लगेच टेस्ट करण्यात अर्थ नाही. तास-दीड तास त्याला उभा राहू द्या. गरम आरशाचा आकार बघून जे दुरुस्तीला लागतात ते नसलेला दोष काढत बसतात आणि खरा दोष तयार करतात.

पॅराबोला करायलाच हवा का, गोल चालणार नाही?

६ इंच एफ/८ हा बरोबर सीमेवरचा आहे. अगदी निर्दोष गोल असेल तर तो कसाबसा चालून जातो, आणि याच कारणाने मी हे माप सुचवतो, म्हणजे पहिल्याच आरशात सगळं या एका टप्प्यावर अडून राहत नाही. पण थोडं पुढे गेलात तर चित्र खूप सुधारतं. एकाच मध्यवक्रतेचा गोल आणि पॅराबोला यांच्यात कडेला फरक असतो फक्त ०.२९ मायक्रॉनचा.

करायचं कसं तर त्याच लॅपवर, लांब आणि इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचे हात मारायचे, आरसा कडेबाहेर बराच जाऊ द्यायचा, त्याने मधला भाग जास्त खोल होतो. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग धुवा, गार होऊ द्या, टेस्ट करा. मोजमापासाठी ठरावीक ठिकाणी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा मास्क आरशासमोर लावून मधला आणि कडेचा भाग वेगवेगळा राखाडी होताना ब्लेड किती मागेपुढे न्यावं लागलं ते वाचा. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील तर अगदी केंद्र आणि अगदी कड यांच्यात फरक १.१७ मिमी यायला हवा, दिवा स्थिर असेल तर दुप्पट, २.३४. (१.१७ हा आकडा ओळखीचा वाटला ना, आरशाची खोलीही तेवढीच, दोन्हीचं सूत्र एकच आहे.) मास्कच्या भोकांची त्रिज्या मोजून त्या त्या ठिकाणचा आकडा काढा. फरक कमी असेल तर अजून पाच मिनिटं. जास्त झाला तर नेहमीचे छोटे हात मारून परत गोलाकडे आणा आणि नव्याने सुरू करा, काच एवढ्यात संपत नाही.

कडा खाली उतरलीय, काय करू?

फूकोत कडेला एका बाजूने बारीक चकाकती रेघ दिसते तो हाच दोष. कारण बहुतेक वेळा मऊ पिच, लांब हात किंवा लॅप नीट न दाबणं. एक-दोन मिमीच असेल तर आरशासमोर काळ्या कागदाची कडी लावून ती कड झाकून टाका. ४ मिमी आरसा कमी झाला पण चित्र स्वच्छ मिळालं, हा सौदा मी आनंदाने करतो. जास्त असेल तर लॅप नवीन करा आणि छोट्या हातांनी परत गोलापर्यंत या.

चकचकीत काच झाली, आरसा कधी होतो?

त्यावर ॲल्युमिनियमचा सुमारे १०० नॅनोमीटरचा थर चढवतात, निर्वात पेटीत. हे घरी होत नाही, करून घ्यावं लागतं, आणि वर संरक्षक थर मागून घ्या. घरी रसायनांनी चांदी चढवता येते, ती चमकते जास्त पण लवकर काळी पडते. चांदीचं अमोनियावालं द्रावण कधीही साठवून ठेवू नका, ते स्फोटक होतं, उरलं की ताबडतोब निष्क्रिय करून टाकायचं.

कोटिंगला पाठवण्याआधी मात्र आरसा तसाच नळीत बसवून चंद्राकडे रोखा. नुसती काच ४ टक्केच प्रकाश परत पाठवते पण चंद्राला तेवढा भरपूर आहे. आकारात मोठी गडबड असेल तर ती इथेच कळते, कोटिंगनंतर कळण्यापेक्षा केव्हाही बरं.

आरसा विकत घेऊन बाकीची दुर्बीण घरी केली तर?

जरूर करा. वेळ कमी असेल किंवा शाळेतल्या मुलांबरोबर करायची असेल तर मीही तेच सुचवेन.

दुय्यम सपाट आरसा केवढा लागतो? तोही घासायचा का?

तो, म्हणजे मुख्य आरशाकडून आलेला प्रकाश नळीच्या बाजूला आयपीसकडे वळवणारा छोटा तिरका आरसा, विकतच घ्या, सपाट पृष्ठभाग करणं खोलगटपेक्षा खूप कठीण आहे. माप काढायला: त्याच्यापासून फोकसपर्यंतचं अंतर, म्हणजे नळीची त्रिज्या अधिक फोकसरची (आयपीस धरणाऱ्या सरकत्या नळीची) उंची, समजा १७५ मिमी. त्याला ८ ने भागलं की २२ मिमी, आणि मधलं थोडं क्षेत्र पूर्ण उजळ हवं म्हणून अजून १० मिमी. ३२ ते ३५ मिमी लहान अक्षाचा घ्या (हा आरसा लंबगोल असतो, लहान अक्ष म्हणजे त्याची कमी रुंदी). उगाच मोठा घेऊ नका, तो मुख्य आरशावर सावली पाडतो आणि ग्रहांवरचा बारीक तपशील पुसट होतो.

नळी कशाची?

जाड पुठ्ठ्याची, प्लायवूडची चौकोनी, पीव्हीसीची, काहीही. आतला व्यास आरशापेक्षा इंचभर जास्त, आत मॅट काळा रंग. फोकसरचं भोक पाडण्याआधी आरसा बसवून दूरच्या एखाद्या वस्तूचं प्रतिबिंब कागदावर घ्या आणि फोकल लेन्थ प्रत्यक्ष मोजा. मागे आरशाला तीन टेकू आणि स्प्रिंगवाले तीन बोल्ट. कडेच्या क्लिप आरशाला दाबता कामा नयेत, मधे कागद सरकला पाहिजे, कारण आवळलेला आरसा वाकतो आणि तारे त्रिकोणी दिसतात.

स्टँड?

डॉब्सनच्या पद्धतीची लाकडी पेटी. सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे, वरखाली आणि आजूबाजूला अशा दोन हालचाली, बस. बोटाने ढकललं की सरकावी आणि सोडलं की तिथेच थांबावी. नळी मोकळ्या हातावर तोलून तिचं संतुलन कुठे येतं ते बघा आणि नळीच्या दोन्ही बाजूंचे गोल बेअरिंग तिथे लावा, पण हे आयपीस आणि फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) लावून झाल्यावर.

कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, खूप अवघड असतं म्हणतात?

एफ/८ ला अजिबात नाही. मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर एक छोटी कागदी रिंग चिकटवा (तिथे सावलीच असते, नुकसान नाही). फोकसरला मधे भोक असलेली टोपी लावून बघा. आधी दुय्यम आरसा असा फिरवा की त्यात मुख्य आरसा पूर्ण गोल दिसेल, मग मागचे बोल्ट फिरवून टोपीच्या भोकाचं प्रतिबिंब रिंगच्या मधे आणा. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, नंतर दोन मिनिटं.

किती पट मोठं दिसेल?

फोकल लेन्थ भागिले आयपीसची फोकल लेन्थ. २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट, १० मिमीच्याने १२०. कागदावरची मर्यादा ३०० पट आहे पण बहुतेक रात्री हवाच इतकी हलत असते की १५० च्या वर चित्र फक्त मोठं आणि धूसर होतं. २५ आणि १० असे दोन आयपीस घ्या, वर्षभर पुरतात.

सूर्य बघता येईल?

नळीच्या तोंडावर पूर्ण व्यासाचा खास सौर फिल्टर असेल तरच, आणि फाइंडरही झाकलेला हवा. आयपीसला लावायचे सौर फिल्टर उष्णतेने तडकतात, ते कुणी फुकट दिले तरी वापरू नका. यात चूक झाली तर डोळा कायमचा जातो.

पहिल्या रात्री काय बघू, आणि काय अपेक्षा ठेवू?

दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, गरम आरशातून सगळं उकळल्यासारखं दिसतं. चंद्र पौर्णिमेचा नको, अष्टमीच्या आसपासचा घ्या आणि उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर बघा, विवरांच्या कडांच्या सावल्या तिथेच पडतात. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र, शनीची कडी आणि हवा स्थिर असेल तर कड्यामधली कॅसिनीची काळी फट. मृगातला तेजोमेघ, शौरीतला तारकागुच्छ, हंसाच्या चोचीतली सोनेरी-निळी जोडी. चित्र उलटं दिसेल, ते तसंच असतं. तेजोमेघ राखाडी दिसतील कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. आणि देवयानी दीर्घिका फोटोसारखी न दिसता धुराच्या लांबट पुंजक्यासारखी दिसेल, पण तो प्रकाश तिथून निघून २५ लाख वर्षं झालीत आणि तो तुम्ही घासलेल्या काचेवरून वळून तुमच्या डोळ्यात येतोय.

आरशावर धूळ बसलीय, पुसू का?

पुसू नका. धूळ दिसते तेवढा त्रास देत नाही, वर्षभर तरी हात लावू नका. अगदीच चिकट डाग असतील तर आरसा काढून आधी नळाच्या धारेखाली भरपूर धुवा, मग साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून त्यावरून ओला कापूस त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढा, बोटाचा दाब नाही, प्रत्येक ओढीला नवा कापूस. शेवटी डिस्टिल्ड पाणी ओतून आरसा तिरका उभा करा आणि वाळू द्या, खालच्या कडेला थेंब राहिलाच तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या.